मेंदू पाहणाऱ्या चुंबकाची कथा

(लेखक : सहाय्यक शिक्षक, बी. ए., बी. एड.)

आपल्या रोहिणखेडचे नाव इतिहासात येते ते मुख्यतः लढायांमुळे. अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी, खानदेशातून वऱ्हाडात येणाऱ्या वाटेवर हे गाव वसलेले असल्याने बहामनी काळात आणि पुढे निजामशाहीच्या काळातही येथे सैन्ये भिडली. १५८२ साली खुदावंतखान महदवी याने बांधलेली दगडी मशीद त्या काळाची साक्ष देत उभी आहे. शाळेत आम्ही जो इतिहास शिकवितो, तोही बहुधा राजांचा, तहांचा आणि लढायांचाच असतो. परंतु इतिहासाचा आणखी एक प्रकार आहे, तो म्हणजे वस्तूंचा इतिहास. एखादी उपयुक्त वस्तू आपल्यापर्यंत पोचण्यासाठी किती माणसे, किती देश आणि किती वर्षे खर्ची पडली हे पाहू लागलो, की तो इतिहास राजांच्या इतिहासाइतकाच रोमहर्षक वाटू लागतो.

अशाच एका वस्तूची ही हकीकत आहे. घरातील वडीलधाऱ्या माणसाला लकव्याचा झटका येतो, किंवा एखाद्या मुलाला वारंवार आकडी येते. डॉक्टर म्हणतात, "मेंदूचा एम.आर.आय. काढून आणा." मग घरातील मंडळी पैशांची जुळवाजुळव करून मोठ्या शहराची वाट धरतात. तेथे रुग्णाला एका मोठ्या नळकांड्यात निजवितात, ठकठक आवाज होतो आणि अर्ध्या तासात मेंदूचे थर न् थर दाखविणारी चित्रे हाती येतात. यात क्ष-किरण नसतात, चाकू नसतो. मग ते नळकांडे असते तरी काय? ते असते एक प्रचंड चुंबक. हे चुंबक कसे घडले, आणि ते आपल्या देशात घडायला इतका उशीर का लागला, हे विद्यार्थी मित्रांना व पालकांना सांगावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

चुंबकाने मेंदू कसा दिसतो?

आपल्या मेंदूचा सुमारे तीन चतुर्थांश भाग पाणी आहे. पाण्याच्या प्रत्येक रेणूत हायड्रोजनचे दोन अणू असतात आणि हायड्रोजनच्या अणूचे केंद्रक, म्हणजे प्रोटॉन, हे एका चिमुकल्या चुंबकसूचीसारखे वागते. एरवी या सूच्या कशाही दिशांना तोंडे करून असतात. बाहेरून जोरदार चुंबकीय क्षेत्र लावले, की त्यांचा कल त्या दिशेकडे होतो. त्या अवस्थेत योग्य त्या रेडिओलहरी सोडल्या तर त्या डोलू लागतात, आणि पुन्हा स्थिर होताना स्वतः एक क्षीण रेडिओसंदेश देतात. निरोगी भाग, सुजलेला भाग आणि गाठ यांचे संदेश निरनिराळे असतात. त्यांची मांडणी करून संगणक चित्र तयार करतो.

येथे मेख अशी आहे, की सर्वच सूच्या आज्ञाधारक नसतात. १.५ टेस्ला एवढ्या क्षेत्रातही, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून अधिक जोर लावूनही, दर दहा लाख प्रोटॉनांमागे जेमतेम पाचच जास्तीचे प्रोटॉन क्षेत्राच्या बाजूला वळलेले असतात. त्या पाचांच्या आवाजावरूनच चित्र काढायचे असते. म्हणूनच चुंबक जितके जोरदार, तितके चित्र स्पष्ट.

या विद्येला अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन असे भारदस्त नाव आहे. १९४६ साली अमेरिकेत फेलिक्स ब्लॉख आणि एडवर्ड पर्सेल यांनी ती स्वतंत्रपणे सिद्ध केली व १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळविले. यात भारतीयांचा वाटा अगदी आरंभापासून आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. १९५१ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत जी. सूर्यन यांनी वाहत्या द्रवातील या संदेशांचा अभ्यास केला. रक्तवाहिन्यांची जी चित्रे पुढे या यंत्राने काढता आली, त्यांचे बीज या विचारात आहे. त्याच वर्षी स्टॅनफर्ड येथे अर्नोल्ड आणि पॅकार्ड यांच्यासमवेत एस. एस. धर्मट्टी यांनी दाखवून दिले, की अल्कोहोलच्या एकाच रेणूतील हायड्रोजन अणू आपापल्या जागेनुसार तीन वेगवेगळे संदेश देतात. रसायनशास्त्राच्या पुस्तकांत अभिजात ठरलेला तो प्रयोग होय. हेच धर्मट्टी पुढे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि त्यांनी तेथे या विषयाची प्रयोगशाळा उभारली. ज्ञानाच्या बाबतीत आपण जगाच्या मागे नव्हतो, हे येथे लक्षात ठेवावे.

विजयदुर्ग आणि हेलियम

जोरदार चुंबक करायचे तर तारेच्या वेटोळ्यातून भरपूर वीज सोडावी लागते. साध्या तांब्याच्या तारेतून एवढी वीज सोडली तर ती तापते आणि विजेचा प्रचंड अपव्यय होतो. यावर उपाय सापडला तो कडाक्याच्या थंडीत. आणि ती थंडी आणणाऱ्या वायूची कथा आपल्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला स्पर्श करून जाते.

१८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी आंध्रातील गुंटूर येथून सूर्याच्या कडेच्या तेजाचे निरीक्षण केले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी सूर्यप्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा पाहिली आणि ती नव्या मूलद्रव्याची ठरवली. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले. कोकणात असे सांगतात, की हा शोध १८६८ साली लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून लावला. वस्तुस्थिती अशी, की लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होते. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, तळ ठोकून आणि दुर्बिणी घेऊन. तत्पूर्वी १८९५ साली रॅम्झे यांना हेलियम पृथ्वीवरील खनिजातही सापडला होता. दंतकथा व इतिहास यांतील फरक असा तारखांनीच कळतो. किल्ल्याचा मान मात्र त्यामुळे कमी होत नाही.

हेलियम हा सर्वांत हट्टी वायू. तो द्रवरूप करण्याचा मान हॉलंडमधील लायडन येथील कामरलिंग ओनेस यांच्याकडे जातो. १० जुलै १९०८ रोजी त्यांनी तो साधला. द्रवरूप हेलियमचे तापमान असते उणे २६९ अंश सेल्सिअस. १९११ साली याच थंडीत पारा ठेवून त्यातून वीज सोडली असता त्यांना आढळले, की पाऱ्याचा विद्युतरोध एकाएकी नाहीसा झाला. यालाच अतिसंवाहकता म्हणतात. अशा तारेच्या बंद वेटोळ्यात एकदा वीज सोडली, की ती न थकता फिरत राहते.

पन्नास वर्षांची प्रतीक्षा

१९१३ साली ओनेस यांनी मोठे स्वप्न मांडले. अतिसंवाहक तारेचे वेटोळे करून एक लाख गॉस, म्हणजे दहा टेस्ला, क्षेत्राचे चुंबक बनवावे. परंतु प्रयोग करताच घोर निराशा पदरी आली. शिसे, कथील यांसारख्या धातूंची अतिसंवाहकता काहीशे गॉसच्या क्षेत्रातच नष्ट होत होती. चुंबकाने स्वतःच निर्माण केलेले क्षेत्र स्वतःचाच घात करीत होते!

ही कोंडी फुटायला जवळजवळ अर्धे शतक जावे लागले. १९६१ साली अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेत कुंझलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी नायोबियम आणि कथील यांच्या संयुगात ८.८ टेस्ला क्षेत्रातही अतिसंवाहकता टिकते, हे दाखविले. पण हे संयुग पापडासारखे ठिसूळ. वाकवले की तुटणार. लागलीच दुसरा मिश्रधातू पुढे आला, नायोबियम-टायटॅनियम. त्याची तार ओढता येते, वळविता येते, गुंडाळता येते. आजही दवाखान्यांतील बहुतेक सर्व चुंबके याच तारेची असतात. दिसायला जास्त गुणी असलेल्या पदार्थापेक्षा हाताला वळणारा पदार्थ कामाला आला, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे.

चुंबकाचा आराखडा

आता प्रत्यक्ष रचनेकडे वळू. कारण "तार गुंडाळली की झाले चुंबक" असे वाटणे साहजिक आहे. आपण शाळेत खिळ्यावर तार गुंडाळून तेच करतो. पण मेंदूचे चित्र काढणाऱ्या चुंबकाच्या अटी फार कडक असतात.

पहिली अट समानतेची. रुग्णाचे डोके जेथे येते, त्या सुमारे ४० ते ५० सेंटिमीटर व्यासाच्या गोलात क्षेत्र सर्वत्र सारखे हवे. किती सारखे? दहा लाखांत काही थोड्या भागांपेक्षा अधिक फरक चालत नाही. एकच लांब वेटोळे केले तर ते फारच लांब करावे लागते आणि रुग्ण बोगद्यात कोंडल्यासारखा होतो. म्हणून निरनिराळ्या मापांची सहा-आठ वेटोळी एका अक्षावर अशा अंतरांवर बसवितात, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. ही अंतरे काढणे हे शुद्ध गणित आहे. त्यातील बहुपदी ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात, ते लजांद्र अठराव्या शतकात जन्मलेले. ग्रहगोलांच्या आकर्षणासाठी मांडलेले गणित दोनशे वर्षांनी रुग्णाच्या कामी आले! त्यानंतरही राहिलेला किरकोळ दोष लोखंडाच्या लहान पट्ट्या नेमक्या जागी बसवून दूर करतात.

दुसरी अट तारेची. नायोबियम-टायटॅनियमचे केसाहूनही बारीक तंतू तांब्यात गुंफलेले असतात. अशी कित्येक किलोमीटर तार एकेक फेरा मोजून, ताण न बदलता गुंडाळावी लागते. तिच्यातून चारशे-पाचशे अँपिअर वीज फिरते. आपल्या घरातल्या पंख्याला अर्धा अँपिअरही लागत नाही. एवढ्या विजेमुळे वेटोळ्यांत अनेक टनांचे ओढाताणीचे बल निर्माण होते. त्या बलाने तार केसभर जरी सरकली, तरी घर्षणाने उष्णता होते. उणे २६९ अंशांवर धातूंची उष्णता सामावण्याची शक्ती अगदी क्षीण झालेली असते; म्हणून चिमूटभर उष्णतेनेही तापमान चढते आणि अतिसंवाहकता जाते. मग सारी साठलेली ऊर्जा क्षणार्धात उष्णता होऊन बाहेर पडते व हेलियम उकळतो. एक लिटर द्रवापासून सुमारे सातशे लिटर वायू होतो. तो खोलीत पसरला तर माणसाला श्वास मिळणार नाही, यासाठी छतातून बाहेर जाणारा जाड नळ ठेवावाच लागतो. तारेभोवतीचे तांबे व मजबूत राळेचा लेप ही या संकटाविरुद्धची संरक्षणे होत.

तिसरी अट सांध्यांची. वीज अखंड फिरत राहायची तर तारेचे टोक टोकाला असे जोडले पाहिजे, की सांध्यातही रोध उरू नये. हे काम पुस्तक वाचून जमत नाही. कसबी हातच लागतात. सांधा बरा साधला तर चुंबक वर्षानुवर्षे वीज न घेता आपले क्षेत्र टिकवते.

चौथी अट थंडीची. सारे वेटोळे द्रवरूप हेलियममध्ये बुडवून त्याभोवती निर्वात पोकळी आणि चकचकीत पत्र्यांची आवरणे असतात. थर्मासचाच हा थोरला भाऊ. जुन्या पद्धतीच्या चुंबकात हजार-दीड हजार लिटर हेलियम लागे. हा वायू दुर्मिळ, महाग आणि आपल्याकडे बहुतांशी परदेशातून येणारा. म्हणून अगदी थोड्या हेलियमवर चालणारी बंदिस्त चुंबके अलीकडे बनू लागली आहेत.

पहिली चित्रे

१९७३ साली पॉल लॉटरबर यांनी या पद्धतीने चित्र काढता येते हे दाखविले. इंग्लंडचे पीटर मॅन्सफील्ड यांनी चित्रण वेगवान केले. दोघांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ३ जुलै १९७७ रोजी न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमादियन यांनी स्वतः सहकाऱ्यांसह गुंडाळलेल्या अतिसंवाहक चुंबकात माणसाच्या छातीचे चित्र घेतले. त्याला जवळजवळ पाच तास लागले. १९८० साली स्कॉटलंडच्या अॅबर्डीन येथे साध्या विद्युतचुंबकावर रुग्णाचे चित्र काढले गेले.

पण मोठ्या अतिसंवाहक चुंबकांचा पाया घातला तो ऑक्सफर्डच्या मार्टिन वूड यांनी. १९५९ साली त्यांनी कंपनी स्थापली तेव्हा त्यांचा कारखाना म्हणजे घराच्या बागेतील एक छपरी होती. याच कंपनीने १९८० च्या सुमारास लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयाला संपूर्ण शरीर मावेल असे अतिसंवाहक चुंबक पुरविले. १९९० साली सेजी ओगावा यांनी रक्तातील प्राणवायूच्या फरकावरून मेंदूचा कोणता भाग काम करीत आहे हे दिसू शकते असे सिद्ध केले, आणि केवळ मेंदूची रचना नव्हे तर त्याचे चालू कामही पाहता येऊ लागले.

या प्रवासाचे आजचे शिखर फ्रान्समधील साक्ले येथे आहे. तेथील चुंबक ११.७ टेस्लाचे, १३२ टन वजनाचे, १८२ किलोमीटर तारेचे आणि ७५०० लिटर हेलियमचे. २०१९ साली त्याने पूर्ण क्षेत्र गाठले आणि २०२४ साली त्यातून माणसाच्या मेंदूची पहिली चित्रे प्रसिद्ध झाली. ओनेस यांनी १९१३ साली पाहिलेले दहा टेस्लाचे स्वप्न मेंदूच्या सेवेत असे पूर्ण झाले.

आपल्या देशातील वाटचाल

भारतात पहिले एम.आर.आय. यंत्र १९८६ साली दिल्लीच्या एका संरक्षण संशोधन संस्थेत बसले. ते परदेशी होते. त्यानंतर गावोगावच्या मोठ्या रुग्णालयांत जी यंत्रे आली, तीही अनेक वर्षे जवळपास सर्व आयातच होती. १९५१ साली ज्यांच्या देशबांधवांनी या विद्येत मूलभूत भर घातली, त्यांना यंत्र मात्र परक्यांकडून विकत घ्यावे लागले. याचे कारण काय? सूत्र आपल्याला ठाऊक होते. पण सूत्र आणि रुग्ण यांच्यामध्ये तार ओढणारा, वेटोळे गुंडाळणारा, सांधा जोडणारा, निर्वात भांडे वेल्ड करणारा अशा कारागिरांची लांब साखळी असते. ती साखळी जुळायला वेळ लागला.

तरी ती जुळत आली, आणि तिची बरीच कडी महाराष्ट्रात आहेत. मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने नायोबियम-टायटॅनियमची बहुतंतू तार देशातच बनवून दाखविली. टाटा संस्थेतील मायक्रोवेव्ह विभागातून १९८४ साली 'समीर' ही स्वतंत्र सरकारी संस्था निघाली. तिचे ठाणे पवईला आय.आय.टी.च्या आवारात आहे. कर्करोगावर किरणोपचार करणारे देशी यंत्र समीरने बनविले आणि त्यांपैकी एक आपल्याच विदर्भात, सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत बसविले. त्याच समीरकडे पुढे १.५ टेस्लाचे देशी एम.आर.आय. यंत्र बनविण्याच्या राष्ट्रीय प्रकल्पाचे नेतृत्व आले. चुंबकाची जबाबदारी दिल्लीच्या आंतरविद्यापीठीय त्वरक केंद्राने उचलली. मार्च २०२५ मध्ये हे यंत्र चाचणीसाठी दिल्लीच्या एम्स रुग्णालयात बसविण्याचा करार झाला.

दुसरीकडे बंगळूरच्या व्हॉक्सेलग्रिड्स या लहान कंपनीने वजनाला हलके असे १.५ टेस्लाचे यंत्र तयार केले. २०२३ साली दिल्लीत ते जाहीर झाले. त्यांचे यंत्र चंद्रपूरच्या कर्करोग रुग्णालयात बसल्याचे वृत्त २०२५ साली आले. लायडन, ऑक्सफर्ड, दिल्ली असा फिरत फिरत हा इतिहास अखेर विदर्भाच्या मातीत उतरला, ही आपणा सर्वांना आनंदाची गोष्ट होय.

पालकांशी दोन शब्द

यंत्र देशात बनले तर ते स्वस्त होईल, बिघडले तर लवकर दुरुस्त होईल आणि मोठ्या शहराबाहेरच्या रुग्णालयालाही परवडेल. लकव्याच्या रुग्णासाठी एकेक तास मोलाचा असतो. ज्याच्या घरापासून यंत्र शंभर किलोमीटर दूर आहे, त्याच्यासाठी हा इतिहास केवळ वाचनाचा विषय नाही.

या कथेतून विद्यार्थ्यांनी काय घ्यावे? एक, गणित कधी वाया जात नाही. लजांद्रचे गणित दोनशे वर्षांनी कामी आले. दोन, अपयशाने ओनेस यांचे स्वप्न मोडले नाही, ते फक्त पुढच्या पिढीकडे गेले. आणि तीन, जे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते : हाताचे काम हलके समजू नका. आपल्या समाजात वेल्डिंग करणारे, मोटारीचे वेटोळे भरणारे, खराद चालविणारे कसबी हात पुष्कळ आहेत. पण त्या हातांना दहावीपुढचे शिक्षण मिळत नाही. उलट ज्यांना शिक्षण मिळते ते हात काळे करायला तयार नसतात. मोटारीचे जळालेले वेटोळे फेरे मोजून पुन्हा भरणारा तरुण आणि अतिसंवाहक चुंबक गुंडाळणारा तंत्रज्ञ यांच्यातील अंतर बुद्धीचे नाही, शिक्षणाचे आहे.

तेव्हा पालकांना विनंती एवढीच, की मुलगा असो वा मुलगी, विज्ञान व गणितात गोडी दिसली तर दहावीनंतर शिक्षण थांबवू नका. आणि आय.टी.आय. किंवा तंत्रनिकेतनात जाणाऱ्या मुलाला "नापासांची जागा" म्हणून हिणवू नका. देशात अतिसंवाहक चुंबके बनविण्याचे काम आता कुठे सुरू झाले आहे. त्यासाठी गणित जाणणारे आणि सांधा जोडणारे, दोन्ही प्रकारचे लोक हवे आहेत. ते आपल्या तालुक्यातूनही जाऊ शकतात.